१:५२ ला थांबलेलं गाणं

गाणं थांबलं तेव्हा मी इस्त्री करत होते, आणि आधी मला वाटलं ती गाण्यातलीच जागा आहे. असतं ना काही गाण्यांत, मुखडा संपतो, सगळी वाद्यं एकदम गप्प होतात आणि मग एका श्वासात अंतरा उचलला जातो. तर मी कॉलरवर इस्त्री टेकवून त्या उचलण्याची वाट बघत उभी. कापडाचा वास यायला लागला तेव्हा भानावर आले. अंतरा येणार नव्हता, नेट गेलं होतं.

फोन उघडून बघितला तर ॲपमध्ये गाणं १:५२ वर अडकलेलं आणि ते गोल चक्र नुसतं फिरतंय. वायफायच्या सगळ्या कांड्या फुल्ल. त्या कांड्यांवर माझा फार जुना राग आहे, कारण त्या फक्त फोन आणि राउटर यांच्यामधलं सांगतात, राउटरच्या पलीकडे जग आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. ते कळायला फोन वेगळीच युक्ती करतो. अँड्रॉइडवाला फोन ठरलेल्या पत्त्यावर एक बारीकशी विनंती पाठवतो आणि तिकडून चक्क रिकामं उत्तर यावं अशी त्याची अपेक्षा असते, २०४ नंबरचं, म्हणजे 'पोचलं, पण तुला द्यायला काही नाही'. ते रिकामं उत्तरसुद्धा आलं नाही की मग कांड्यांशेजारी छोटंसं उद्गारचिन्ह उगवतं. माझ्याकडे ते उगवायला दोन मिनिटं लागली.

आणि खरं सांगायचं तर नेट त्या क्षणी गेलंच नव्हतं, ते त्याच्या आधीच कधीतरी गेलं होतं. ॲप गाण्याचा पुढचा भाग आधीच ओढून आणून ठेवतं आणि त्यातलं आपल्याला सावकाश वाढत राहतं. ३२० केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ३२० हजार बिट्स लागणारं, चार मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण ९.६ एमबी, बऱ्यापैकी नेट असेल तर काही सेकंदांत अख्खं येऊन बसतं. त्यामुळे फोनवर ऐकताना नेट गेलं तर चालू गाणं बहुतेक वेळा शेवटपर्यंत व्यवस्थित वाजतं आणि पुढचं सुरू होत नाही, आणि तोवर आपल्याला पत्ताच नसतो. पण मी ऐकत होते स्पीकरवर, तो हुकूम ऐकणारा गोल डबा, त्याचं पोट लहान, तो थोडंच पुढचं साठवतो असं दिसतं. म्हणून मधेच तुटलं.

आई आतून ओरडली, "अगं, गाणं का बंद केलंस?"

"मी नाही केलं, नेट गेलंय."

"नेट जाऊ दे ना मग, गाणं लाव."

आईला अडाणी समजू नका, ती व्हिडिओ कॉल करते, लाईट बिल ऑनलाइन भरते. पण गाण्याच्या बाबतीत तिचा समज पक्का आहे की ज्यातून आवाज येतो त्यात गाणं असतं. रेडिओ सोडून, रेडिओ म्हणजे कुणीतरी लांबून लावतंय हे तिला मान्य आहे. मी समजावलं की या डब्यात गाणी नाहीत. ती बाहेर आली, डब्याकडे बघितलं, म्हणाली, "मग आहे काय याच्यात?"

प्रश्न बरोबर होता. माईक आहे, स्पीकर आहे, छोटासा कॉम्प्युटर आहे. स्वतःच्या नावाची हाक तेवढी तो स्वतः ओळखतो, पुढचं आपलं वाक्य मात्र बहुतेक वेळा बाहेर पाठवतो, ते तिकडे कुठेतरी समजून घेतलं जातं आणि काय करायचं ते उलट येतं. मी दाखवायला म्हणून त्याला हाक मारली आणि तेच गाणं लावायला सांगितलं. तो अतिशय नम्रपणे म्हणाला की इंटरनेटशी संपर्क होत नाहीये. म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचं असं काय होतं, तर हे एक वाक्य.

मग नेहमीचे विधी. राउटर बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा. एलओएसचा दिवा लाल होता, आणि एलओएस लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी ढिम्म फरक पडणार नाही हे मला चांगलं माहितीये. तरी तीन वेळा केलं. शेजारी विचारलं तर त्यांचं चालू. ही वाईट बातमी असते, कारण बाहेरच्या डब्यात एका फायबरला फाटे फोडून तोच प्रकाश ३२-३२ घरांत वाटलेला असतो, सगळ्यांचं गेलं असतं तर कुणीतरी आपोआप धावलं असतं. फक्त माझं गेलंय म्हणजे माझ्याच फाट्यात काहीतरी. कम्प्लेंट टाकली, उद्या माणूस येईल असा मेसेज आला.

इथे जरा आडवळण. गेल्या काही वर्षांत मला नेटचा आजार गाण्यावरून ओळखता यायला लागलाय. पूर्ण जाणं ही सगळ्यात सोपी केस, आज वाजतंय, उद्या नाही. त्याहून चिडचिड होते ती कमी-कमी होत जाण्याची. क्वालिटी ऑटोमॅटिकवर ठेवली असेल तर लाईन अशक्त झाली की ॲप गुपचूप खालच्या पट्टीवर उतरतं, ९६ केबीपीएसच्या आसपास, आणि मग झांजा आधी मरतात. तबल्याला, आवाजाला फारसं काही होत नाही पण झांजा आणि टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या येतात. लक्ष देऊन ऐकलं नाही तर कळणारही नाही, पण एकदा कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. तिसरा प्रकार डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी डायरी बंद पडते. त्यात चालू गाणं आरामात वाजत असतं पण पुढच्या गाण्याचं चित्र येत नाही, करड्या चौकोनावर नुसतं नाव, सर्च केलं की काहीच सापडत नाही. असं दिसलं की मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस बदलून १.१.१.१ टाकते आणि घरात भाव खाते. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली असेल, मीटिंगमध्ये आपला चेहरा दगडासारखा थिजलेला असतो तेव्हासुद्धा दुसऱ्या खोलीत गाणं सुरळीत चालू असतं. मीटिंगला आत्ताचं आत्ता लागतं, गाण्याला पाच-दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. त्यामुळे घरातली सगळ्यात शेवटी मरणारी गोष्ट म्हणजे गाणं. तेही थांबलं म्हणजे कारभार आटोपला.

आता वाटेल की मोबाइल डेटा कशाला असतो. असतो, पण आमच्या घरात मोबाइलचं नेटवर्क खिडकीच्या कट्ट्यावर येतं आणि तिथून एक हात आत सरकलं की जातं. आणि डाउनलोड? हां, तो विषय निघालाच तर सांगते. मी मोठ्या शहाणपणाने पाच-सहाशे गाणी डाउनलोड करून ठेवली होती, अशाच दिवसासाठी. ते ॲप बंद करून परत उघडलं तर त्याने तेवढ्यात मला बाहेर काढलेलं, बहुतेक मागच्या आठवड्यात पासवर्ड बदलला त्याचा परिणाम, आणि आत यायचं तर लॉगिन करा, लॉगिन करायचं तर नेट हवं. गाणी फोनमध्येच होती. स्टोरेजमध्ये जाऊन बघितलं, तीन जीबीच्या वर जागा अडवून बसली होती. पण ती कुलूपबंद असतात, नुसती फाइल सापडून उपयोग नाही, वाजवायची किल्ली ॲपच्या ताब्यात. हे काही लपवून ठेवलेलं नसतं, स्पॉटिफायसारखी सर्व्हिस सरळ सांगते की एका डिव्हाइसवर १०,००० गाण्यांपर्यंत उतरवा, अशी पाच डिव्हाइस चालतील, पण ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन येऊन तोंड दाखवा. आपण वाचत नाही एवढंच. मी 'माझी गाणी' नावाची प्लेलिस्ट केलीये, तिच्यातलं एकही गाणं मला त्या संध्याकाळी वाजवता येईना.

मला एक जुनी गोष्ट आठवली. स्पॉटिफाय सुरुवातीला, म्हणजे २००८ पासून २०१४ पर्यंत, कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये गाणी एकमेकांकडूनही आणायचं, तुमच्या मशीनमधलं गाणं गुपचूप दुसऱ्या कुणाला जायचं. २०१० मध्ये त्यांच्या लोकांनी याच्यावर एक पेपर लिहिला, त्यातला आकडा मला भारी आवडतो: वाजलेल्या संगीताचा फक्त ८.८ टक्के डेटा सर्व्हरवरून येत होता. ३५.८ टक्के दुसऱ्या ऐकणाऱ्यांकडून. आणि राहिलेला ५५.४ टक्के ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये आधीच पडलेला होता. का, तर माणसं तीच तीच गाणी ऐकतात म्हणून. लाखो गाणी समोर मांडली तरी आपण परत जुन्याच घरी.

तर मी खिडकीत उभी राहिले आणि ठरवलं, राहिलेलं गाणं आपण मनातल्या मनात म्हणू. शंभरदा तरी ऐकलं असेल ते. मुखडा म्हटला, दोनदा म्हटला, वाद्यं गप्प झाली, आणि पुढे... पुढे काही नव्हतं. अंतऱ्याचा पहिला शब्द येईना. चाल थोडी होती, तीही धुरकट. मला आधी खरंच वाटेना. मग लक्षात आलं की मी हे गाणं शंभरदा ऐकलंय पण शंभरदा पूर्ण ऐकलेलं नाही. मुखडा झाला, मन भरलं, की पुढचं. अंगठ्याची सवय. नेटने ते १:५२ ला तोडलं, मी एरवी दोन मिनिटांच्या आतबाहेर स्वतःच तोडत होते, म्हणजे माझा आणि नेटचा तसा फार मतभेद नव्हता.

मी अडखळतेय हे ऐकून आईने आतून अंतरा उचलला. काम करता करता, काही विशेष नाही अशा आवाजात. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मग डायरेक्ट पाचवी. अर्थात ती पाचवी आहे हे मला तेव्हा कळलं नाही, फक्त यमक कुठेतरी लंगडल्यासारखं वाटलं. म्हटलं, "आई, मधलं काहीतरी राहिलं." ती म्हणाली, "काही नाही राहिलं, असंच आहे ते." इतक्या ठाम आवाजात की मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो मुलगा आला, पाठीवर बॅग, हातात मशीन. आधी राउटरची मागची वायर काढून मीटरला लावली. "ताई, पॉवरच येत नाहीये." इथे पॉवर म्हणजे लाईट नाही, फायबरमधून येणारा प्रकाश, तो मायनसमध्ये मोजतात, मायनस वीस-बावीस असलं की छान, साधारण मायनस २७ च्या खाली गेलं की आपला राउटर आंधळा होतो. दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे आकडा दिसायला थोडासाच घसरतो आणि इकडे दिवाळं वाजलेलं असतं. मग त्याने खिशातून पेनासारखी एक वस्तू काढली, वायरच्या तोंडाला लावली आणि बटण दाबलं. लाल लेसर. "खोलीतला लाईट बंद करा जरा."

लाईट बंद केला, पडदा ओढला. भिंतीच्या कडेने जाणारी पांढरी वायर तशीच अंधारी, काही नाही, काही नाही, आणि कपाटाच्या मागे, खाली, एका जागी लाल उजेड. वायरच्या आत निखारा ठेवल्यासारखा. प्रकाश सरळ चालला की आतल्या आत राहतो आणि फार वाकवलं किंवा तडा गेला की तिथून बाहेर सांडतो, तो सांडलेला प्रकाश आम्ही तिघं वाकून बघत होतो. मुलगा म्हणाला, "कपाट कधी सरकवलं?"

तीन आठवड्यांपूर्वी. मी. स्पीकरला जागा करायला.

कपाटाचा पाय बरोबर वायरवर. म्हणजे गेले तीन आठवडे मी ज्या झांजांवरून ॲपला आणि नेटवाल्यांना शिव्या घालत होते त्या माझ्याच कपाटाखाली चेंगरलेल्या होत्या. याच्यावर मी जास्त बोलणार नाही.

त्याने खराब भाग कापला, हातभर वायर निघाली. मग वरचं साल काढून आतली काच मोकळी केली, ती दिसते न दिसते अशी, १२५ मायक्रॉन जाडीची, आणि प्रकाश चालतो तो तिचा गाभा तर फक्त ९ मायक्रॉनचा. घरातली गाणी, मीटिंगा, आईचे व्हिडिओ कॉल, सगळं त्या ९ मायक्रॉनमधून. अल्कोहोलने पुसून दोन्ही टोकं कटरने सरळ तोडली, मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, झाकण लावलं. मशीनच्या छोट्या स्क्रीनवर ती दोन टोकं खांबाएवढी जाड दिसत होती, आपोआप इंचाइंचाने जवळ आली, थांबली, एक ठिणगी, आणि मधली रेघ गायब. काच काचेत वितळून एक झाली. मी आणि आई दोघी त्याच्या खांद्यावरून बघतोय. आई म्हणाली, "कापून जोडलंस ना रे? मग यातलं काय गेलं?"

"काही नाही गेलं काकू."

"असं कसं, एवढा तुकडा काढलास की. कॅसेट कापली की गाणं जायचं."

आणि मग ती स्वतःच थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकताना मी बघितलं. हे गाणं आमच्याकडे पूर्वी कॅसेटवर होतं, आणि त्या कॅसेटची फीत एकदा प्लेअरने खाल्ली होती. मला पुसट आठवतं, पेन्सिलने गुंडाळणं वगैरे, पण खाल्लेला भाग इतका चुरगळला होता की तो चकलीसारखा झाला होता आणि शेवटी आईने कात्रीने तो कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडली होती. किती कापला होता विचारलं तर तिने दोन हातांत अंतर धरून दाखवलं, हातभर. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते, म्हणजे हातभर फीत साधारण दहा सेकंद. अंतऱ्याच्या दोन ओळी. (आज ते दहा सेकंद ३२० केबीपीएसला ४०० केबी होतात, एखाद्या शुभेच्छांच्या फोटोपेक्षा कमी.)

आई त्या दोन ओळींशिवाय ते गाणं इतकी वर्षं म्हणत आली. जोडाच्या जागी टक् असा आवाज यायचा म्हणाली, त्याच्यासकट पाठ आहे. आणि मला वाटत होतं आईला पूर्ण येतं.

तोवर राउटरचा लाल दिवा विझला, पॉनचा, म्हणजे फायबर जोडलं गेल्याचा, हिरवा दिवा आधी उघडझाप करून मग स्थिर झाला. मीटरवर मायनस २१. मुलाने सही घेतली आणि जाताना कपाटाकडे बोट दाखवून "आता इथंच राहू द्या" असं म्हणून गेला. मी ॲपमध्ये लॉगिन केलं, गाणं अजून १:५२ वरच थांबलेलं होतं. प्ले दाबलं. अंतरा उचलला गेला. पहिली ओळ, दुसरी ओळ, आई बरोबर म्हणतेय, आणि तिसरी ओळ आल्यावर तिचा आवाज पाचवीवर गेलेला. ती थांबली. दोन ओळी पूर्ण ऐकल्या. या डब्यावर हे गाणं तिने आधीही ऐकलं असणार, पण कधी माझा अंगठा आडवा आला असेल, कधी तिचंच लक्ष नसेल.

"बरं आहे," म्हणाली. "पण आपलं जास्त चांगलं वाटतं. पटकन उडी मारतं."

मग मला सुचलं की कॅसेटची फीत एकच असते, एक बाजू संपली की उलटी करून तीच फीत दुसरीकडून वाजते. म्हणजे ए साइडचं हातभर कापलं तर बी साइडचंही हातभर गेलंच. आई माझ्याकडे बघायला लागली. अजून एक गाणं आहे ज्यातले दहा सेकंद तिच्याकडे नाहीत आणि कुठलं ते तिला माहीत नाही. मी हिशोब केला, हे गाणं ए साइडला दुसरं, म्हणजे बी साइडला ते शेवटाकडून मोजायला हवं, शेवटून दुसरं, फार तर तिसरं. कॅसेट कधीच गेलीये, पण बी साइडचा क्रम आईने बोटांवर धडाधड सांगितला, मधे एकदाही न अडखळता. ती दोन्ही गाणी सापडली. एक लावलं. आई डब्याशेजारी खुर्ची ओढून बसली, डोळे मिटून गाण्याबरोबर म्हणायला लागली आणि मी इस्त्रीचं बटण चालू केलं. पहिलं कडवं जुळलं, दुसरं जुळलं. तिसऱ्याच्या मधे कुठेतरी आई सटकन पुढे निघून गेली, आणि गाणं मागून येत राहिलं.